लाप्शेव्निक : भट्टीत भाजलेल्या एका रशियन पदार्थातील पाण्याचा प्रश्न

शिजवलेल्या शेवया, आंबट दुधापासून काढलेला त्वोरोग, अंडी व थोडी साखर यांचे मिश्रण लोणी लावलेल्या उथळ पात्रात पसरून भट्टीत तांबूस होईपर्यंत भाजले म्हणजे जो पदार्थ तयार होतो, त्यास रशियन भाषेत ‘लाप्शेव्निक’ असे नाव आहे. रशियातील घरांतून, बालमंदिरांतून आणि सार्वजनिक भोजनगृहांतून हा पदार्थ दीर्घकाळ परिचित आहे. सणासुदीच्या मेजावर मात्र तो सहसा मांडला जात नाही. न्याहारीसाठी, किंवा आदल्या दिवशी उरलेल्या शेवया वाया जाऊ नयेत म्हणून केला जाणारा असा हा घरगुती पदार्थ होय. त्याची परीक्षाही तशीच घरगुती आहे. भट्टीतून काढून थोडा निवल्यावर सुरीने त्याचा चौकोनी तुकडा पाडावा. तो तुकडा ताटलीत आपल्या कडा सांभाळून उभा राहिला पाहिजे, त्याच्या बुडाशी पाणी सुटता कामा नये, आणि तरीही तोंडात घातला असता तो मऊ व ओलसर लागला पाहिजे.

या अपेक्षांत एक विरोध दडलेला आहे. तुकडा उभा राहावा म्हणून मिश्रण कोरडे केले, तर तो तोंडात भरभरीत लागतो. मऊ राहावा म्हणून ते सैल ठेवले, तर कापताना तो कोसळतो. पाककृतीच्या पुस्तकांत शेवया किती, अंडी किती, साखर किती हे नमूद केलेले असते. ज्या घटकावर या पदार्थाचे यशापयश अवलंबून आहे, त्या पाण्याचा उल्लेख मात्र बहुधा शेवया शिजविण्यापुरताच येतो. वस्तुतः तयार लाप्शेव्निकच्या वजनात निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग पाण्याचाच असतो. हे पाणी किती आहे यापेक्षा ते कशात बांधले गेले आहे, हा येथील खरा प्रश्न आहे. परकीय पदार्थाची कृती शब्दशः पाळूनही तो आपल्या घरी का साधत नाही, याचे उत्तरही पुष्कळदा याच प्रश्नाच्या पोटात सापडते.

प्रथम नावाविषयी थोडेसे. ‘लाप्शा’ म्हणजे कणकेची पातळ पोळी लाटून तिच्या कापलेल्या अरुंद फिती. मराठी शेवईशी तिचे नाते उपयोगाचे आहे, आकाराचे नाही. शेवई वळली किंवा ओढली जाते, लाप्शा कापली जाते. हा शब्द रशियन भाषेने तुर्की भाषाकुलातून उचलला. १६ व्या शतकातील ‘दोमोस्त्रोय’ या गृहव्यवस्थाविषयक ग्रंथात तो आढळतो. पूर्व युरोपातील ज्यू समाजाच्या यिडिश भाषेतील ‘लोक्शन’ हा शब्दही त्याच घराण्यातला असून, त्या समाजात शेवया, ताजे चीज व अंडी यांचा जो ‘कूगेल’ भाजतात, तो लाप्शेव्निकचा जवळचा आप्त मानावयास हरकत नाही. मराठी वाचकास येथे ‘लापशी’ आठवणे साहजिक आहे. परंतु लापशीचा संबंध संस्कृत ‘लप्सिका’ या शब्दाशी सांगितला जातो, आणि केवळ ध्वनिसाम्यावरून सोयरीक जुळविण्याचा मोह अशा ठिकाणी आवरलेला बरा.

नावाचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. ‘क्रुपा’ म्हणजे भरडलेले किंवा सडलेले धान्य. त्याचा शिजवून, त्वोरोग व अंडी घालून, भट्टीत भाजलेला पदार्थ तो ‘क्रुपेनिक’. ‘प्शेनो’ म्हणजे सडलेली वरी, तिचा ‘प्शेन्निक’. लाप्शेव्निक हे नाव त्याच पंक्तीत बसते. याचा अर्थ असा की, रशियन स्वयंपाकघराने हा पदार्थ कल्पिताना शेवईकडे इटालियन दृष्टीने, म्हणजे प्रत्येक फीत सुटी राहिली पाहिजे अशा दृष्टीने, पाहिले नाही. तिला धान्याच्या जागी बसविले. धान्याची खीर किंवा पेज आधी शिजवावी आणि मग ती भट्टीत घट्ट करावी, हीच ती जुनी रीत. पुढे जे तांत्रिक नियम येतात, त्यांचे मर्म या नामसादृश्यात आधीच येऊन गेले आहे.

ही रीत ज्या चुलीने घडविली, ती रशियन ‘पेच’ म्हणजे विटामातीची प्रचंड भट्टी. तिच्यात सकाळी लाकडे जाळीत, निखारे बाजूला ओढीत, आणि मग तापलेल्या भिंतींच्या हळूहळू उतरत जाणाऱ्या उष्णतेत पदार्थ ठेवून देत. उतरत्या उष्णतेत वरचा पापुद्रा लवकर धरतो आणि आतला भाग सावकाश, न खदखदता, शिजत राहतो. दूध, अंडी व धान्य यांच्या मिश्रणांना याहून अनुकूल व्यवस्था क्वचितच सापडेल. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आचारात दीर्घ उपवासकाळी, तसेच वर्षातील बहुतेक बुधवारी व शुक्रवारी, दूध व अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे परंपरेने पाहता लाप्शेव्निक हा उपवासेतर दिवसांचा पदार्थ ठरतो. नुसती लाप्शा मात्र अळंब्यांच्या किंवा वाटाण्याच्या साथीने उपवासासही चालत असे.

२० व्या शतकात शहरांतील घरांतून ती भट्टी गेली, वायूची छोटी भट्टी आली, आणि त्याच काळात सोव्हिएत राज्यव्यवस्थेने सार्वजनिक भोजनगृहांचे अवाढव्य जाळे उभारले. आजीच्या हाताला जे ठाऊक होते, ते आता हजारो अनोळखी आचाऱ्यांना लेखी सांगणे भाग पडले. यातून तयार झालेले पाककृतींचे अधिकृत संग्रह हे अभ्यासकाच्या दृष्टीने मोठे मनोरंजक वाङ्मय आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभीच्या संग्रहात त्वोरोग घातलेल्या लाप्शेव्निकला स्वतंत्र स्थान आहे. प्रत्येक घटकापुढे दोन रकाने असतात : एक विकत आणलेल्या मालाच्या वजनाचा, दुसरा निवडून-सोलून उरलेल्या वजनाचा, आणि शेवटी तयार पदार्थाचे वजन. रुचीविषयी एक शब्द नाही. तरीही या रुक्ष तक्त्यांत, आणि त्यांना पूरक अशा पाकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत, पाण्याच्या प्रश्नाची उत्तरे जितकी नेमकी आहेत तितकी ती चवदार वर्णनांनी भरलेल्या पुस्तकांत सापडत नाहीत.

पहिले उत्तर शेवया शिजविण्यासंबंधी आहे. सोव्हिएत पाठ्यपुस्तकांनी पिठाच्या शेवया-नळ्या शिजविण्याच्या दोन पद्धती सांगितल्या आहेत. पहिलीत १ किलो मालास ५ ते ६ लिटर पाणी घेतात आणि शिजल्यावर ते गाळून टाकतात. दुसरीत १ किलो मालास केवळ २.२ ते ३ लिटर पाणी घेतात, आणि ते गाळावयाचे नसते. सर्व पाणी शेवयांनी शोषून घ्यावयाचे असते. तोंडीलावणे म्हणून द्यावयाच्या शेवयांना पहिली पद्धत, भट्टीत भाजावयाच्या पदार्थांना दुसरी, अशी विभागणी केलेली आहे. वरवर पाहता हे उलटे वाटते. ज्या पदार्थात पाणी सुटण्याची भीती, त्याच पदार्थासाठी पाणी न गाळण्याचा नियम का असावा?

याचे कारण असे की, गव्हाच्या पिठातील पिष्टाचे कण पाण्यात सुमारे ५५ ते ६५ अंश सेल्सियस तापमानाच्या दरम्यान फुगू लागतात व पाणी आपल्यात धरून ठेवतात. त्यांतील काही पिष्ट शेवईतून बाहेर पडून शिजवणाच्या पाण्यात उतरते. ते पाणी गढूळ व चिकट होते, ते यामुळेच. गाळताना हे पिष्ट मोरीत जाते. उरतात त्या बाहेरून ओल्या, आतून शिजलेल्या, परंतु एकमेकींना धरून ठेवणारे काही नसलेल्या फिती. आणि त्यांच्या पृष्ठभागावरचे पाणी मोकळेच असते. न गाळलेल्या शेवयांत एकंदर पाणी अधिक असूनही ते पिष्टाने बांधलेले असते, व फितींच्या दरम्यान खळीसारखा एक पातळ थर तयार होतो. लाप्शेव्निकचा सांगाडा उभारतो तो हाच थर. शेवया गाळून, वर त्या गार पाण्याने धुऊन घेण्याची सवय अनेक गृहिणींना असते. अन्य पदार्थांत तिचे समर्थन करता येईल, येथे ती पायाचा चुनाच धुऊन काढते.

शेवई कोणत्या गव्हाची, यावरही थोडे अवलंबून आहे. आजच्या रशियन वर्गीकरणात ‘अ’ गट हा ड्यूरम जातीच्या कठीण गव्हाचा असतो. महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जाणारा गहू याच जातीचा. या गव्हाच्या शेवया आकार अधिक टिकवितात आणि पाण्यात पिष्ट कमी सोडतात. मऊ गव्हाच्या शेवया अधिक सोडतात. इटालियन पद्धतीच्या पदार्थात जो मऊ गव्हाचा दोष, तो लाप्शेव्निकमध्ये बहुतांशी गुण ठरतो.

दुसरे उत्तर एका आकड्यात सांगितलेले आहे : ६० अंश. शिजलेल्या शेवया ६० अंशांपर्यंत निवू द्याव्यात व मगच त्यांत कच्ची अंडी मिसळावीत, असा नियम आहे. त्याची वरची मर्यादा सहज ध्यानात येते. अंड्याचा पांढरा बलक सुमारे ६२ अंशांपासून साकळू लागतो, पिवळा ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. उकळत्या शेवयांत अंडे फोडले, तर ते तेथल्या तेथे साकळून त्याच्या बारीक गुठळ्या होतात. एकदा साकळलेले प्रथिन पुन्हा विरघळत नाही. भट्टीत सर्व मिश्रणभर पसरून जे जाळे विणावयाचे, ते विणण्यास मग काही शिल्लकच राहत नाही. अंडी तितकीच पडलेली असतात, पैसे तितकेच लागलेले असतात, आणि तुकडा मात्र उभा राहत नाही.

परंतु या आकड्याला खालची बाजूही आहे, आणि तिच्याकडे घरगुती कृतींत फारच कमी लक्ष दिले जाते. मिश्रणाच्या मधल्या भागातील अंडे साकळण्यासाठी तो भाग साधारण ७५ ते ८० अंशांपर्यंत तापावा लागतो. दूध, साखर इत्यादींनी पातळ झालेले अंडे शुद्ध अंड्यापेक्षा अधिक तापमानास साकळते. मिश्रण ६० अंशांच्या आसपास भट्टीत गेले, तर त्यास आणखी १५ ते २० अंशच चढावयाचे असतात. म्हणून भोजनगृहांत ३ ते ४ सेंटिमीटर जाडीचा थर २५० अंशांच्या तीव्र भट्टीत थोड्याच वेळात तयार होतो. वर खरपूस पापुद्रा धरतो तोवर आतही काम झालेले असते. घरी मात्र आदल्या रात्रीच्या थंड शेवया व शीतकपाटातून काढलेला त्वोरोग एकत्र केला, तर मध्यभागास ६० ते ७० अंश चढावयाचे राहतात. तेवढ्या वेळात कडा व वरचा भाग कोरडा पडतो. तेथील अंड्याचे जाळे अति तापून आकसते आणि धरलेले पाणी पिळून बाहेर टाकते. तुकड्याच्या बुडाशी साठणारे पाणी पुष्कळदा हेच असते. उरलेल्या शेवया वापरावयाच्या असतील, तर त्या थोड्या दुधात घालून आधी कोमट-ऊन करून घ्याव्यात. भट्टीही १८० अंशांच्या आसपास ठेवावी व वेळ वाढवावा.

आता त्वोरोगाविषयी, कारण पाण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत अनिश्चित वाटा त्याचा आहे. दूध जंतुविरजणाने आंबवून, झालेले दही सावकाश तापवून, आणि सुटलेले पाणी निथळून काढून उरतो तो त्वोरोग. (या शब्दाचा आघात पहिल्या अवयवावर द्यावा की दुसऱ्यावर, यासंबंधी खुद्द रशियनांतही एकमत नाही, दोन्ही उच्चार शिष्ट मानले जातात.) सोव्हिएत प्रमाणानुसार १८ टक्के स्निग्धांशाच्या त्वोरोगात पाणी ६५ टक्क्यांपर्यंत, ९ टक्के स्निग्धांशाच्या त्वोरोगात ७३ टक्क्यांपर्यंत, आणि साय काढलेल्या दुधाच्या त्वोरोगात ८० टक्क्यांपर्यंत चालत असे. हे आकडे निरुपद्रवी दिसतात. परंतु अर्धा किलो त्वोरोग घेतला, तर पहिल्या प्रकारात ३२५ ग्रॅम, दुसऱ्यात ३६५ ग्रॅम आणि तिसऱ्यात ४०० ग्रॅम पाणी मिश्रणात येते. मध्यम आकाराच्या एका अंड्यात कवच वगळता सुमारे ५० ग्रॅम ऐवज असतो व त्यात पाणी साधारण ३७ ग्रॅम. म्हणजे ‘अर्धा किलो त्वोरोग’ एवढेच लिहिणाऱ्या कृतीत दोन अंड्यांइतक्या पाण्याची चूक दडलेली असू शकते. आणि अंड्याच्या पाण्याबरोबर निदान साकळणारे प्रथिन तरी येते, या पाण्याबरोबर तसे काहीच येत नाही. ओलसर त्वोरोग हाती आला असता अनुभवी रशियन गृहिणी एक-दोन चमचे ‘मान्का’ म्हणजे बारीक रवा घालते व मिश्रण थोडा वेळ मुरू देते. रवा ते मोकळे पाणी टिपतो आणि भट्टीत फुगून ते धरून ठेवतो. जाणत्या हाताने केलेली ही दुरुस्तीच होय.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना चक्का आलाच असेल. दही फडक्यात टांगून पाणी निथळले की चक्का होतो, व त्यातील पाण्याचे प्रमाणही सामान्यतः त्वोरोगाच्या जवळपास असते. मग त्वोरोगाच्या जागी चक्का घातला तर काय बिघडले? बिघडते ते असे. आंबट दह्याचे जाळे तापविले की आकसते व पाणी सोडते. त्वोरोग करताना दही निथळण्यापूर्वीच तापविलेले असते. जे आकसावयाचे ते बरेचसे तेव्हाच आकसून घेतलेले असते, आणि म्हणूनच त्याचा पोत कणीदार असतो. चक्का मात्र थंडच निथळतो. शिवाय आपल्याकडे विरजण्यापूर्वी दूध चांगले उकळण्याची रीत असल्याने, दुधातील निवळीची प्रथिने केसीनला बिलगतात व दही अधिक पाणी धरणारे, मऊ, लोण्यासारखे होते. श्रीखंडासाठी हाच गुण हवा असतो. परंतु हा चक्का भट्टीत गेला की, जे आकसणे त्वोरोगाने पूर्वीच उरकले होते, ते तो पहिल्यांदा तेथे सुरू करतो. सुटलेले पाणी मग शेवयांत उतरते. दोन पदार्थांतील पाण्याचे प्रमाण सारखे, आणि परिणाम निराळा. वजनाच्या रकान्यात हा भेद दिसत नाही, कारण तो पदार्थाच्या घटनेत नसून त्याच्या पूर्वेतिहासात आहे.

पनीर किंवा छाना घेतल्यास दोष उलट्या दिशेने जातो. तेथे जवळजवळ उकळत्या दुधात आम्ल घातलेले असते. दाणा घट्ट, गोडसर व मिश्रणात न विरघळणारा होतो. लाप्शेव्निक कोरडा पडतो आणि त्याची ओळख असलेला आंबूस स्वाद हरवतो. यापेक्षा घरीच त्वोरोग करणे सोपे. दोन ते अडीच लिटर दुधाचे घट्ट, स्वच्छ आंबट दही लावावे. दह्याचे पातेले गरम पाण्याच्या दुसऱ्या पातेल्यात ठेवावे आणि दही न ढवळता, फक्त सुरीने त्याचे मोठे चौकोन पाडून, ५० ते ५५ अंशांपर्यंत अगदी सावकाश तापवावे. दही आकसून कडा सोडते व हिरवट पिवळे, निवळ पाणी वर येते. मग पातेले तसेच निवू द्यावे, आणि नंतर फडक्यात पाच-सहा तास टांगावे. ६० अंशांच्या फार वर गेल्यास दाणा रबरासारखा होतो. रशियन खेड्यात हेच काम आंबट दुधाचे मडके निवत आलेल्या पेचमध्ये ठेवून आपोआप होत असे. तयार त्वोरोग मात्र श्रीखंडासाठी चक्का घासतात त्याप्रमाणे चाळणीतून घासून घ्यावा. दाणे सारखे बारीक झाल्याने त्यांतील पाणी एकाच ठिकाणी साठत नाही.

सहा जणांच्या बेताची कृती यावरून पुढीलप्रमाणे ठरते. २५० ग्रॅम अरुंद फितींच्या शेवयांना ६५० मिलिलिटरच्या आसपास पाणी, किंवा निम्मे पाणी व निम्मे दूध, लागते. ते चिमूटभर मीठ घालून उकळावे, शेवया मोडून त्यात घालाव्यात, आच मंद करून झाकण ठेवावे व पाणी आटेपर्यंत अधूनमधून हलक्या हाताने ढवळावे. दूध वापरल्यास बूड लागण्याचा संभव असतो, म्हणून जाड बुडाचे पातेले बरे. उतरवून त्यात ४० ग्रॅम लोणी घालावे. लोणी वितळता वितळता उष्णता खाली येऊ लागते. उष्णतामापक नसेल, तर पातेल्याच्या बाहेरून बोट लावले असता ते क्षणभरच ठेवता येते, पण चटकन भाजत नाही, अशी अवस्था साधारणपणे पुरते. दरम्यान ५०० ग्रॅम घासलेला त्वोरोग, ३ अंडी, ५० ग्रॅम साखर व पाव चमचा मीठ एकत्र कालवून ठेवावे. हा त्वोरोग शीतकपाटातला नसावा. दोन्ही मिश्रणे एकत्र करावीत. सुमारे दीड किलो ऐवज होतो. २० सेंटिमीटर रुंद व २२ सेंटिमीटर लांब पात्रात तो साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास उंचीचा बसतो. पात्रास आतून लोणी लावून त्यावर वाळलेल्या पावाचा चुरा भुरभुरावा. हा चुरा केवळ चिकटू नये म्हणून नसतो. बुडाशी उतरणारे थोडेसे पाणी तो शोषून घेतो व त्याचाच खालचा पापुद्रा बनतो. वरून ‘स्मेताना’ म्हणजे आंबवलेली घट्ट साय दोन-तीन चमचे पसरावी. घरच्या दुधावरची साय विरजून घेतल्यास ती याच कामी येते. १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ३५ ते ४० मिनिटांत वरचा भाग सोनेरी तांबूस होतो. बेदाणे, लिंबाची किसलेली साल, व्हॅनिला हे ज्याच्या त्याच्या आवडीवर आहे. भोजनगृहांच्या तक्त्यांत यांना बहुधा जागा नसते, आणि घरचा लाप्शेव्निक ओळखू येतो तो बव्हंशी त्यांच्यामुळे.

भट्टीतून काढल्यावर दहा मिनिटे थांबणे हा कृतीचा अनिवार्य भाग आहे. पिष्टाची खळ उष्ण असताना पातळ असते व निवताना घट्ट होते; अधीर होऊन लगेच सुरी लावल्यास निर्दोष लाप्शेव्निकही कोसळतो व दोष उगाच अंड्यांच्या माथी येतो.

भट्टी नसलेल्या घरांचा प्रश्न रशियातही होता. सोव्हिएत काळी ‘चुदो’, म्हणजे ‘चमत्कार’, या नावाचे मध्ये नळकांडे असलेले ॲल्युमिनियमचे झाकणदार पात्र मिळे. ते घासलेटच्या अथवा वायूच्या शेगडीवर ठेवून त्यात केक व पाव भाजीत. महाराष्ट्रात कढईत वाळू तापवून तिच्यावर झाकलेले पात्र ठेवण्याची युक्ती त्याच जातीची. अशा व्यवस्थेत खालची बाजू उत्तम होते, वर मात्र वाफ कोंडून पापुद्रा धरत नाही, कारण तांबूस रंग व खरपूस वास देणारी प्रथिने व शर्करा यांची प्रक्रिया ओल्या पृष्ठभागावर वेगाने होत नाही. उष्णता वरूनही हवी. गोव्यात बिबिंक भाजताना पात्राच्या झाकणावर निखारे ठेवण्याची जी रीत आहे, तिचे प्रयोजन हेच होय. निखारे नसतील, तर निवलेला लाप्शेव्निक ताटावर उपडा करून वरची बाजू तव्यावर लोण्यात तांबूस करून घेता येते. वाफेच्या पात्रात तो केला, तर शिजेल खरा, परंतु त्यास लाप्शेव्निक म्हणणे कठीण.

अंडी न खाणाऱ्या घरांसाठी या पदार्थाचे रूपांतर अशक्य नाही, परंतु त्यात काय गमावले जाते हे जाणून ते केले पाहिजे. अंड्याचे जाळे गेले की तुकडा उभा धरण्याचा सगळा भार पिष्टावर पडतो. अशा वेळी शेवया दुधात थोड्या अधिक शिजवाव्यात, उतरविण्यापूर्वी त्यांत तीन चमचे बारीक रवा घालून तो फुगू द्यावा, आणि त्वोरोग शक्य तितका कोरडा घ्यावा. अंड्याचे जाळे उष्ण असतानाच उभे राहते. पिष्टाचे मात्र निवल्यावर. तेव्हा बिनअंड्याचा लाप्शेव्निक गरम वाढण्याचा आग्रह धरू नये. कोमट झाल्यावरच कापावा. त्यास खांडवीच्या वडीचा पोत येतो, आणि मराठी जिभेला तो परका वाटणार नाही.

उरलेला लाप्शेव्निक रशियन घरांतून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दिसतो. रात्रभर थंडीत राहिल्याने पिष्ट आणखी घट्ट झालेले असते, तुकडे सुरीखाली स्वच्छ कापले जातात. ते लोण्यात दोन्ही बाजूंनी परतून, वर स्मेताना किंवा फळांचा मुरंबा घालून चहाबरोबर खातात. पहिल्या दिवशी न मिळालेला कडकडीत पापुद्रा या वेळी चारही बाजूंना मिळतो, आणि काही घरांतून तर लाप्शेव्निक पात्रभर अधिक केला जातो तो या न्याहारीवर डोळा ठेवूनच.